दर वळवाला पत्रे का उडतात : उडालेल्या छपराची तपासणी आणि टिकणारी दुरुस्ती

सातारा-सांगली जिल्ह्यांतील माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा जोरदार पाऊस झाला, की घरांचे आणि गोठ्यांचे पत्रे उडाल्याची बातमी त्यामागोमाग येतेच. पश्चिमेकडे पाटण, जावळी, शिराळा या भागांत हीच तक्रार पावसाळ्याच्या झडीत गळतीच्या आणि सैल झालेल्या छपराच्या रूपाने पुढे येते. एखाद्या मोठ्या वादळात एकदा छप्पर गेले, हा येथे विषय नाही. त्याच घराचे, बहुतेक वेळा त्याच कोपऱ्याचे पत्रे दोन-तीन वर्षांनी पुन्हा का उडतात, हा प्रश्न आहे. नुकसान झाले की आपण वाकलेले पत्रे ठोकून सरळ करतो, वेल्डिंगवाल्याला बोलावतो, जुन्याच भोकांत जरा मोठ्या वायसरचे (डोक्याखालच्या चकतीचे) स्क्रू बसवतो, वर चार दगड ठेवतो आणि पावसाळा गाठतो. छप्पर पुन्हा उभे राहते. पण ज्या ठिकाणी ते तुटले होते ते ठिकाण बहुधा तसेच राहते, कारण ते कोणते याची तपासणी कोणी केलेलीच नसते.

माझे स्पष्ट मत असे आहे, की पत्र्याच्या छपराचा दोष पत्र्यात क्वचित असतो आणि जोडात जवळजवळ नेहमी असतो. वाऱ्याचा ओढा पत्र्यावरून स्क्रूवर, स्क्रूवरून आडव्या पाईपवर, पाईपवरून कैचीवर (पाईपांना आधार देणाऱ्या तिकोनी सांगाड्यावर), कैचीवरून भिंतीवर किंवा खांबावर आणि तेथून जमिनीत उतरावा लागतो. या वाटेवरचा जो जोड सर्वांत कच्चा, तेथे छप्पर सुटते. तो न शोधता दुसराच जोड पक्का केला, तर खर्च होतो आणि पुढच्या वळवाला छप्पर पहिल्यासारखेच जाते. खरा कच्चा जोड पक्का केला तरी काम संपत नाही, कारण मग त्याच्या खालचा जोड सर्वांत कच्चा ठरतो. म्हणून तपासणी पत्र्यापासून पायापर्यंत एका दमात करावी.

वारा छप्पर दाबत नाही, उचलतो

दगड ठेवण्याची पद्धत एका समजुतीतून आली आहे. वारा पत्र्याखाली शिरतो आणि पत्रा उडवतो, म्हणून वरून वजन दिले की काम भागेल, असे वाटते. ही समजूत अर्धीच खरी आहे. वारा घरावर आदळून छपरावरून पुढे जाताना त्याचा प्रवाह कडेपाशी छपरापासून सुटतो, पत्र्याच्या वरच्या बाजूस दाब कमी होतो आणि पत्रा वरच्या दिशेने ओढला जातो. कमी उताराच्या छपरावर हा ओढा जवळजवळ सगळ्या पाखावर (छपराच्या उतरत्या बाजूवर) असतो. परंतु वळचण (छपराची खालची कड), आढे (पाखे मिळतात तो माथा) आणि विशेषतः चार कोपरे येथे तो मधल्या भागाच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. पत्रे दर वेळी कोपऱ्यापासूनच उचलले जातात ते यामुळे.

हा ओढा किती असतो, याचा हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येक घरमालकाने एकदा करून पाहावा. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग वापरतात. त्याची सुधारित आवृत्ती २०१५ ची आहे. त्यात देशाचे ३३ पासून ५५ मीटर प्रति सेकंदापर्यंतच्या मूळ वेगांनुसार विभाग पाडलेले आहेत आणि पुण्यासाठी हा वेग ३९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, दिला आहे. आपल्याकडच्या घरासाठीही तोच आकडा धरून चालणे शहाणपणाचे आहे. मीटर प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले, की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ३९ साठी तो ९१३ न्यूटन येतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९३ किलो.

आता ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असा एक पत्रा घ्या. अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पत्र्याचे वजन १५ किलोच्या आत असते, आणि बंद घराच्या पाखावर त्याला वर उचलणारे बल सुमारे २८० किलो येते. त्यावर २० किलोचा दगड ठेवला काय किंवा वाळूचे पोते ठेवले काय, या आकड्यांत फारसा फरक पडत नाही. वाऱ्याचा वेग निम्मा, म्हणजे ताशी ७० किलोमीटर असला, तर दाब चौथाईवर येतो. तरीही तो पत्र्याच्या वजनाच्या चौपटीहून अधिक राहतो. दगडाचा आणखी एक धोका आहे. पत्रा उचलला गेला, की तो दगड अंगणात किंवा शेजारच्या पडवीत माणसांवर येऊन पडतो. शिवाय दगडाखाली आणि पोत्याखाली ओल धरून राहते, रंगाचा थर घासला जातो आणि नेमका तेथेच गंज सुरू होतो. जुनी टायरे टाकण्यालाही हेच लागू आहे. हे सगळे काढून टाकावे, असे मी आग्रहाने सांगेन.

वेल्डिंगवाल्याला बोलावण्याआधी भोके पाहा

उडालेला पत्रा शेतात, बांधावर किंवा शेजाऱ्याच्या आवारात पडलेला असतो. तो उचलून आणून ठोकायला घेण्याआधी त्याची भोके नीट पाहावीत आणि वर छपरावर काय शिल्लक राहिले आहे, याच्याशी ती ताडून पाहावीत. छप्पर कुठे सुटले याचा सर्वांत खात्रीचा पुरावा तेथेच असतो आणि सरळ करण्यासाठी हातोडा चालला, की तो नाहीसा होतो. मोबाईलवर जवळून छायाचित्रे घ्यावीत. पंचनाम्यालाही ती लागतात.

छप्पर सुटण्याचा पहिला प्रकार असा, की स्क्रू किंवा जे हुक (इंग्रजी J सारखी वाकवलेली आटीची सळी) पाईपला जागच्या जागी घट्ट आहेत आणि पत्रा मात्र त्यांच्या डोक्यावरून फाटून निघून गेला आहे. पत्र्यावरची भोके लांबट, फाटलेली किंवा चांदणीसारखी तडकलेली दिसतात. याचा अर्थ, पकड चांगली होती पण एकेका स्क्रूवर पत्र्याचा फार मोठा भाग टाकलेला होता. आडव्या पाईपमध्ये १.५ मीटर आणि दोन स्क्रूंमध्ये ६० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एका स्क्रूच्या वाट्याला ०.९ चौरस मीटर पत्रा येतो आणि वरच्या हिशेबाने त्याच्यावर ८४ किलो ओढा येतो. कोपऱ्यात तोच १६० किलोच्या पुढे जातो. पाईप १.२ मीटरवर आणि स्क्रू ३० सेंटिमीटरवर घेतले, तर हाच ओढा मध्यभागी ३३ आणि कोपऱ्यात ६७ किलो होतो. पत्रा तोच, पाईपचे माप तेच, फक्त पाईप थोडे जवळ आले आणि स्क्रूंची संख्या वाढली. संपूर्ण छपराच्या खर्चात स्क्रूंचा वाटा इतका लहान असतो, की तेथे केलेली काटकसर मला सर्वांत चुकीची वाटते.

तडकलेल्या भोकांकडे अधिक लक्ष द्यावे. ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरावर डिसेंबर १९७४ मध्ये ट्रेसी चक्रीवादळ आले, तेव्हा तेथील घरांची पत्र्याची छपरे मोठ्या प्रमाणावर गेली. नंतरच्या तपासात असे आढळले, की अनेक ठिकाणी पत्रा एका झटक्यात फाटला नव्हता; वाऱ्याच्या झोतांनी तो पुन्हा पुन्हा वर-खाली होऊन स्क्रूभोवती बारीक तडे गेले होते आणि मग तो डोक्यावरून निसटला होता. आपल्याकडेही हेच घडते, फक्त ते अनेक उन्हाळ्यांत विभागून घडते. एका वळवात पत्रा तडकतो, पण जागेवर राहतो. आपण तो टिकला असे समजतो, आणि पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून कमी वाऱ्यात तो जातो. म्हणून तडकलेल्या भोकाचा पत्रा त्याच भोकात मोठा वायसर घालून पुन्हा बसवू नये. तो पत्रा थोडा सरकवून नव्या जागी स्क्रू घ्यावेत आणि जुनी भोके बंद करावीत, किंवा तो कडेच्या रांगेतून काढून मधल्या भागात वापरावा. पातळ आणि ताठ पत्र्यासाठी स्क्रूखाली पत्र्याच्या उंचवट्याला बसेल असा रुंद, बाकदार धातूचा वायसर मिळाला, तर ओढा मोठ्या जागेवर पसरतो आणि फाटण्याचा संभव खूप कमी होतो.

दुसऱ्या प्रकारात पत्र्याबरोबर स्क्रूही आलेले असतात. स्क्रूच्या आट्यांमध्ये लोखंडाचा बारीक कीस किंवा गंज अडकलेला दिसतो आणि पाईपवरची भोके मोठी, गुळगुळीत झालेली असतात. येथे पत्रा दोषी नाही, पाईप पातळ आहे. गेली काही वर्षे आपल्या भागात अँगलऐवजी चौकोनी पाईप सर्रास वापरतात. त्यात गैर काही नाही, पण दर कमी दाखवण्यासाठी एक-सव्वा मिलिमीटर जाडीचे पाईप घातले जातात, आणि तेवढ्या जाडीत स्क्रूची जेमतेम एखादी आटी पकडते. पुढे त्या भोकातून पाणी पाईपच्या आत जाते, पाईप आतून गंजतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असताना पकड नाहीशी होते. पाईप हातोडीने हलके ठोकून पाहिल्यास गंजलेल्या जागी आवाज बदलतो. आडवा पाईप किमान २ मिलिमीटर जाडीचा असावा, त्याची तोंडे बंद केलेली असावीत, आणि आधीच भोके ढिली झालेल्या पाईपवर त्याच जागी जाड स्क्रू पिळण्याऐवजी पाईपला वळसा घेणारा यू बोल्ट किंवा जे हुक, वर रुंद वायसर आणि दोन नट अशी बांधणी करावी. जे हुकची एक खूण वेगळी असते : उडालेल्या पत्र्यासोबत आलेला हुक सरळ झालेला असेल, तर तो बारीक सळीचा होता. असा हुक पुन्हा वाकवून वापरू नये.

तिसरा प्रकार पाहताना अनेकांची दिशाभूल होते. पत्रे एकमेकांना आणि पाईपला घट्ट जोडलेल्या स्थितीत, एखाद्या मोठ्या पंख्यासारखे, पाईपसकट जाऊन पडलेले असतात. लोक म्हणतात, वारा फार होता, एवढे पाईपसुद्धा उचलले. प्रत्यक्षात पत्रा आणि स्क्रू यांनी आपले काम केलेले असते. पाईप ज्यावर टेकला होता तो जोड गेलेला असतो. कैचीवर पाईप ठेवून दोन बाजूंना वेल्डिंगचे एकेक टिपके दिलेले असतात, सलग वेल्डिंग नसते. जस्ताचा थर न घासता केलेले वेल्डिंग पोकळ राहते, आणि वेल्डिंगने जस्त जळून गेलेल्या जागी रंग दिला नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत तोच जोड गंजतो. दुरुस्ती म्हणून प्रत्येक टेकणीवर अँगलचा तुकडा कैचीला सलग वेल्ड करून पाईप त्याला दोन बोल्टने आवळावा आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर जस्तयुक्त रंग लावावा.

जुन्या घरांत कैचीच नसते. माळवद उतरवून किंवा कौले काढून भिंतींवर थेट पाईप टाकलेले असतात. दगड-मातीच्या भिंतीच्या वरच्या थरात पाईपचे टोक बसवून भोवती सिमेंट भरले, की ते पक्के झाले असे वाटते. पण त्या पाईपला धरून ठेवणारे वजन वरच्या एक-दोन थरांचेच असते आणि दगडांमधल्या मातीच्या सांध्यांत ओढ सहन करण्याची ताकद नसते. पाईपबरोबर भिंतीचे वरचे दगड खाली आलेले दिसले, तर दोष येथे आहे. भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सलग आर.सी.सी. (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा घालून त्यातून १२ मिलिमीटरच्या सळ्या वर काढाव्यात आणि पाईप त्यांना बांधावेत. पट्टा घालणे शक्य नसेल, तर सळी भिंतीत किमान तीन फूट खाली नेऊन तेथे आडव्या तुकड्याला अडकवावी. नऊ इंची विटांच्या सिमेंटमधल्या भिंतीची तीन फूट उंची धरली, तर दर मीटर लांबीला साधारण चारशे किलोंच्या आसपास वजन हाताशी येते; वरच्या दोन थरांत ते शंभरही भरत नाही.

खांबासकट शेड गेले असेल तर

चौथ्या प्रकारात सगळे जोड टिकतात आणि खांब मुळासकट वर येतो. तासगाव-मिरजेच्या पट्ट्यातली बेदाण्याची शेडे, गोठे, ट्रॅक्टर ठेवायची शेडे यांत हे दिसते. उदाहरण म्हणून २० बाय ३० फुटांचे, आठ खांबांचे शेड घेऊ. छप्पर सुमारे ५६ चौरस मीटर भरते. चौरस मीटरला ९३ किलो धरून एकूण ओढा पाच टनांच्या थोडा वर जातो. पत्रे, पाईप आणि खांबांचे वजन वजा केले तरी साडेचार टन उरतात. म्हणजे सरासरी एका खांबाला साडेपाचशे किलोंहून अधिक वजनाने खाली धरून ठेवावे लागते. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्ड्यातल्या काँक्रीटचे वजन शंभर किलोच असते. दोन फूट बाय दोन फूट आणि तीन फूट खोल खड्डा भरला, तर तेच आठशे किलोंच्या आसपास जाते. खड्ड्याचे माप दुप्पट केल्याने वजन आठपट होते, हे लक्षात ठेवले की येथे कसर करण्याची इच्छा राहणार नाही.

मातीचाही विचार करावा लागतो. कृष्णाकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मे महिन्यात, म्हणजे ज्या महिन्यात वळीव येतो त्याच महिन्यात, खांबाच्या काँक्रीटभोवती माती सुटलेली असते आणि बाजूच्या मातीची पकड जवळजवळ शून्यावर येते. अशा जमिनीत केवळ काँक्रीटच्या वजनावर हिशेब करावा, मातीच्या पकडीवर विसंबू नये, आणि खड्ड्याचा तळ माथ्यापेक्षा रुंद घ्यावा, म्हणजे वरची माती त्यावर बसून राहते. जत-आटपाडीच्या मुरमाड जमिनीत अडचण उलटी आहे : खणणे जड जाते म्हणून खड्डे उथळ राहतात. तेथे खोली मिळत नसेल तर रुंदी वाढवून वजन भरून काढावे. काँक्रीटमध्ये नुसता गुळगुळीत पाईप उभा केलेला असेल, तर काँक्रीट जागेवर राहते आणि पाईप निसटतो. पाईपच्या तळाला आडवी सळी वेल्ड करून मगच तो गाडावा, किंवा बेस प्लेट आणि फाउंडेशन बोल्ट वापरावेत.

दारातून भरणारा वारा

वरचे सगळे हिशेब घर बंद आहे असे धरून केले. शेडची एक बाजू पूर्ण उघडी असेल आणि वारा त्याच बाजूने आला, तर आत हवा कोंडते व पत्र्याला खालूनही रेटते. बाहेरून ओढ आणि आतून रेटा एकत्र आले, की तेच ९३ किलो १४० च्या घरात जातात. वळवाचा वारा कोणत्या दिशेने येईल हे ठरलेले नसते, कारण ढगातून खाली कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते आणि पावसाच्या आधीच तिचा झोत आपल्यापर्यंत पोहोचतो. चक्रीवादळाची पूर्वसूचना काही दिवस आधी मिळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा ती तशी मिळालीही होती. वळवासाठी मात्र आपल्या हाती आभाळ भरून आल्यापासूनचा थोडाच वेळ असतो. त्या वेळात घराची दारे-खिडक्या बंद करून कड्या घालणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. शेडला शटर असेल तर ते अर्धे उघडे ठेवू नये.

उजेडासाठी बसवलेला पारदर्शक पत्रा हा याच दोषाचा एक छुपा भाग आहे. काही वर्षे उन्हात राहिल्यावर तो ठिसूळ होतो, गारांनी फुटतो आणि छपराला ऐन वादळात मोठे भोक पडते. त्यानंतर आत भरलेली हवा शेजारचे चांगले पत्रेही उचलते. पिवळा पडलेला, हाताने दाबल्यावर तडतडणारा पारदर्शक पत्रा उन्हाळ्याआधी बदलावा, आणि तो कोपऱ्यात किंवा वळचणीला कधीच बसवू नये.

पडवीसाठी छप्पर तीन-चार फूट पुढे काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. भिंतीवर आदळलेला वारा वर वळून या पुढे आलेल्या भागाला खालून उचलतो आणि वरून ओढ असतेच. छप्पर भिंतीच्या पुढे दीड फुटाच्या आत ठेवावे. पडवी हवीच असेल, तर तिचे पाख वेगळे, थोडे खाली आणि स्वतंत्र खांबांवर करावे, म्हणजे पडवी गेली तरी घर उघडे पडत नाही. नवीन बांधकाम करणाऱ्यांनी उताराचाही विचार करावा. साधारण २२ ते ३० अंशांच्या पाखावर ओढा सपाट छपरापेक्षा कमी येतो, आणि दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगले तोंड देते. चाळकेवाडी किंवा वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या ज्या कारणाने उभ्या राहिल्या, त्याच कारणाने तेथे आणि तशाच उघड्या माळावर किंवा टेकडीच्या माथ्यावर घर असेल, तर वरचे आकडे पुरेसे न मानता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब करून घ्यावा.

गळती ही आधीची सूचना असते

पत्रा उडण्याच्या एक-दोन वर्षे आधी तो बहुधा स्क्रूपाशी गळू लागतो. आपण तेथे डांबर किंवा सिलिकॉन भरतो आणि कारण झाकले जाते. सहा मीटर लांबीचा लोखंडी पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर लांब-आखूड होतो, आणि मे महिन्यात दुपारी तापलेल्या पत्र्यावर अचानक वळवाचे गार पाणी पडले, की हा फरक काही मिनिटांत घडतो. त्यामुळे भोके हळूहळू लांबट होतात. स्क्रू फार पिळला असेल तर रबरी वायसर चेपून बाहेर येतो आणि उन्हाने चिरतो. कमी पिळला असेल तर तो बसतच नाही. वायसर ई.पी.डी.एम. (ऊन-पाऊस सोसणाऱ्या) रबराचा असावा आणि पिळल्यावर धातूच्या कडेबाहेर किंचितच दिसावा. साधा रबरी वायसर दोन उन्हाळ्यांत कडक होतो. पत्रा लांब असेल तर एका पाखावर तो दोन तुकड्यांत घेऊन सहा ते नऊ इंच एकमेकांवर चढवावा. बाजूचा चढाव मात्र पावसाळी वाऱ्याकडे तोंड करून ठेवू नये.

गळणारा स्क्रू दिसला, की आधी तो हाताने हलवून पाहावा. हलत असेल तर तो गळतीचा नव्हे, पकडीचा दोष आहे आणि वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारात मोडतो. गोठ्यात गंज खालच्या बाजूने येतो, कारण शेण-मुताची वाफ पत्र्याच्या आतल्या अंगाला साचते. तेथे आढ्याजवळ हवा जाण्याची वाट ठेवावी आणि स्क्रू खालूनही तपासावेत. पत्रा कटरने कापल्यास उडालेल्या ठिणग्यांचे कण रंगावर चिकटून गंजतात, म्हणून कापणे जमिनीवर करावे आणि कीस झाडून टाकावा.

नवा पत्रा घेण्याचीच वेळ आली, तर गेज (जाडीचा क्रमांक) न विचारता मिलिमीटर विचारावेत. २६ गेज म्हणजे एका कोष्टकाप्रमाणे ०.५० आणि दुसऱ्याप्रमाणे ०.४६ मिलिमीटर होते, आणि रंगीत पत्र्यावर लिहिलेली जाडी रंग व जस्तासह आहे की नुसत्या लोखंडाची, हेही स्पष्ट करून घ्यावे लागते. जस्ताचा थर चौरस मीटरला किती ग्रॅम, हे बिलावर लिहून मागावे. रंगाची छटा आणि चमक यांवरून यातले काहीही कळत नाही.

पैसे थोडे असतील तर कोठून सुरुवात करावी

सगळे एका हंगामात होणे अनेकांना परवडत नाही, हे मी जाणतो. अशा वेळी पत्रे बदलण्यापासून सुरुवात करू नये. आधी छपराच्या चारी कडांपासून तीन-चार फुटांचा पट्टा आखावा आणि त्या पट्ट्यात प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू घ्यावा. मधल्या भागात एक सोडून एक चालेल. वळचणीवर आणि आढ्याच्या रिजवर पत्र्याच्या वरून आडवी लोखंडी पट्टी किंवा अँगल टाकून ती खालच्या पाईपला बोल्टने आवळावी. ही एक पट्टी कडेचे सर्व पत्रे एकत्र धरते आणि तिला लागणारे लोखंड थोडे असते. त्यानंतर पाईप आणि कैची यांचे जोड, मग खांबांचे पाय, असे खाली उतरत जावे. छपरावर सोलर पॅनेल किंवा सोलर हीटर बसवला असेल, तर त्याचे पाय पत्र्याला नव्हे, खालच्या पाईपला जोडलेले आहेत का, हे याच वेळी पाहावे.

ही तपासणी फाल्गुनात, उन्हाळा तापण्याआधी आणि सकाळच्या वेळी करावी. वारा सुटल्यावर कोणीही पत्रा धरायला वर चढू नये. उडालेला पत्रा विजेच्या तारेवर अडकला असेल, तर महावितरणला कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नये.

नुकसान झालेच, तर आवराआवर करण्यापूर्वी गावच्या महसूल अधिकाऱ्यांकडून पंचनामा करून घ्यावा. केंद्राच्या आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये आणि घरालगतच्या गोठ्याला ३,००० रुपये मदत ठरवलेली होती. दुरुस्तीचे कोटेशन घेताना त्यात आडव्या पाईपची जाडी, पाईपमधील अंतर, कडेच्या आणि मधल्या स्क्रूंमधील अंतर, वायसरचा प्रकार, जोडाची पद्धत आणि खांबाच्या खड्ड्याचे माप या गोष्टी आकड्यांत लिहून मागाव्यात, आणि काम चालू असताना खड्डे भरण्यापूर्वी आणि पत्रे चढवण्यापूर्वी ती मापे टेप लावून स्वतः पाहावीत.